राहणाऱ्याला आधी विचारा

१९६९ साली इटलीत तेर्नी शहरातल्या एका स्टील कंपनीला कामगारांसाठी नवी वसाहत बांधायची होती. कंपनीत भांडवल सरकारचं, जागा तिचीच, त्या जागेवर मुसोलिनीच्या काळातली बुटकी घरं आणि त्यांच्या छोट्या बागा, ते सगळं काढून तिथं जास्त दाट वस्ती करायची असा बेत. काम आलं मिलानचा आर्किटेक्ट जानकार्लो दे कार्लो याच्याकडं, आणि त्यानं कागदावर रेघ ओढायच्या आधी अटी घातल्या. घरात जे राहणार आहेत त्यांच्याशी मी थेट बोलणार. बोलणं चालू असताना मॅनेजमेंटचा एकही माणूस तिथं नको. आणि या मीटिंगा कामाच्या वेळेत होणार, त्या वेळेचा पगार कापायचा नाही.

मला यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांना विचारायला हवं असं सगळेच म्हणतात, पण शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता हॉलमध्ये बसवून घराच्या नकाशावर मत विचारलं तर तो काय बोलणार, तो मान हलवणार आणि घरी जाणार. त्याच्या विचार करण्याला किंमत आहे हे पैशात मान्य केलं की गोष्ट बदलते. सार्वजनिक पैशातून किंवा कुणाच्या तरी मोठ्या योजनेतून जी घरं बांधली जातात तिथं राहणाऱ्याला कधी विचारायचं, कुणाच्या समोर विचारायचं आणि तो वेळ कुणाच्या खिशातून जाणार हे ठरल्याशिवाय लोकसहभागाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशा पास झाल्यावर मोठं चित्र लावून काही सूचना असतील तर द्या म्हणणं, याला मी विचारणं धरत नाही.

दे कार्लो इथपर्यंत कसा आला ते बघण्यासारखं आहे. जन्म १९१९ चा, जेनोआचा, लहानपणाचा काही काळ ट्युनिसला आजी-आजोबांकडं गेला. मिलानला इंजिनिअरिंग केलं, युद्धात नौदलात गेला आणि मग फॅसिस्टांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरला. तिथं त्याच्याबरोबर जुझेप्पे पागानो होता, त्या काळातला मोठा आर्किटेक्ट, जो आधी स्वतः फॅसिस्ट पक्षात होता आणि पुढं त्याच राजवटीविरुद्ध उभा राहिला, पकडला गेला आणि १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. हे डोळ्यासमोर घडलेला माणूस वरून आलेल्या कुठल्याही योजनेकडं संशयानंच बघणार. युद्धानंतर दे कार्लो अराजकवादी गटांमध्ये वावरत होता, घरांच्या टंचाईवर लिहीत होता, आणि व्हेनिसला परत शिकून १९४९ मध्ये त्यानं आर्किटेक्चरची पदवी घेतली. म्हणजे राजकारण आधी आणि आर्किटेक्चर नंतर असा क्रम आहे, आणि त्याच्या कामात तो शेवटपर्यंत दिसतो.

त्याच वर्षी, १९४९ ला, इटलीत इना-कासा नावाची सरकारी घरबांधणी योजना सुरू झाली. चौदा वर्षं चालली, साडेतीन लाखांच्या आसपास घरं झाली, खूप मोठं काम. पैसा कुठून आला, तर काही भाग सरकारचा, काही मालकांचा आणि काही थेट कामगारांच्या पगारातून कापलेला. म्हणजे घराचे पैसे देणाऱ्यांत कामगार पण होता आणि राहणाराही तोच, पण घर कसं असावं हे ठरवणाऱ्यांत तो कुठंच नव्हता. चांगल्या हेतूची, चांगल्या आर्किटेक्टांनी केलेली योजना, तरीही हे असं. मला वाटतं इथंच खरी गोम आहे, वाईट हेतू नसतानाही माणूस गाळला जातो.

त्या वर्षांतच दे कार्लोनं मिलानला लागून असलेल्या सेस्तो सान जोव्हान्नी या कारखान्यांच्या गावात कामगारांसाठी एक इमारत बांधली. शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं. राहायच्या खोल्या आणि बाल्कन्या दक्षिणेला, ऊन आणि हिरवळीकडं तोंड करून, आणि ये-जा करायच्या लांब गॅलऱ्या उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला. अगदी आपल्या चाळीतली गॅलरी म्हणा. लोक राहायला आल्यावर हा गडी रविवारी समोरच्या कॅफेत जाऊन बसला आणि तासन्‌तास नुसता बघत राहिला. काय दिसलं, तर दक्षिणेच्या त्या सुंदर बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत घातलेले आणि माणसं सगळी उत्तरेच्या अरुंद गॅलरीत. स्टुलं, खुर्च्या बाहेर काढून बसलेली, रस्त्यावरची वर्दळ बघत, एकमेकांशी बोलत, आणि जागा कमी असल्यानं एकमेकांच्या पायात येत. ज्या गॅलरीला त्यानं फक्त जायचा रस्ता मानलं होतं तेच लोकांचं घर झालं होतं. ऊन त्यांना नको होतं असं नाही, पण उन्हापेक्षा माणसं दिसणं जास्त हवं होतं.

चाळीत वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पण त्या काळातल्या आधुनिक आर्किटेक्चरच्या पुस्तकी शहाणपणात ही गोष्ट बसतच नव्हती, आणि दे कार्लोनं ती लपवली नाही, उलट पुढं आयुष्यभर सांगितली. किती आर्किटेक्ट आपली इमारत वापरात आल्यावर तिथं जाऊन बसतात? फोटो काढतात ते रिकाम्या इमारतीचे, राहायला लोक यायच्या आधी.

पुढं माटेरा. दक्षिण इटलीतल्या या गावात लोक खडकात कोरलेल्या घरांत राहायचे, सास्सी म्हणतात त्या वस्तीला, आणि १९५२ च्या कायद्यानं सुमारे १५ हजार माणसांना तिथून हलवून नव्या वसाहतींमध्ये न्यायचं ठरलं. त्यातल्या एका वसाहतीत दे कार्लोनं घरं बांधली, उतरतं कौलारू छप्पर, विटा, खाली दुकानं. १९५९ मध्ये हॉलंडमध्ये ओटरलोला सियाम या आधुनिक आर्किटेक्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी परिषद भरली, जिथं ती संस्थाच मोडीत निघाली, तिथं त्यानं हे काम दाखवलं आणि तो जुन्याकडं परत चालला म्हणून टीका झाली. तो तिथूनच आल्डो व्हान आइक, स्मिथसन दांपत्य, बाकेमा या सियाममधल्याच तरुण आर्किटेक्टांच्या टीम टेन गटात पक्का झाला. माटेराच्या सास्सी, ज्या लाजिरवाण्या म्हणून रिकाम्या केल्या, त्या १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, हे आपलं जाता जाता.

आता त्याचा मुख्य मुद्दा, जो त्यानं १९६९ मध्येच बेल्जियममध्ये लिएजच्या भाषणात मांडला आणि जो मला आजही कुणी खोडलेला दिसत नाही. १९२९ मध्ये फ्रँकफुर्टला आधुनिक आर्किटेक्ट जमले होते आणि विषय होता कमीत कमी जागेचं घर. माणसाला जगायला किमान किती जागा, किती ऊन, किती हवा लागते याचा त्यांनी खूप बारकाईनं अभ्यास केला. दे कार्लो म्हणतो की या सगळ्यांनी घर लहान कसं करायचं ते सोडवलं, पण लहान का करायचं हे विचारलंच नाही. जमीन कुणाकडं आहे, घरासाठी पैसा का कमी पडतो, गरिबाचंच घर का आक्रसतं, हे प्रश्न बाजूला राहिले आणि आर्किटेक्टची सगळी हुशारी 'कसं' मध्ये खर्च झाली. अशी उत्तरं मग ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याच सोयीची ठरतात.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर ३०० चौरस फुटांचं असतं. त्या आकड्यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो, आधी कमी होता मग वाढवला, अजून वाढवा, पण तो आकडा कुठून येतो, बिल्डरला विक्रीच्या इमारतीतून किती निघायला हवं या गणितातून उरतो तो आकडा, यावर बोलणं कमी होतं. दे कार्लोचा 'का' म्हणजे हाच.

१९६८ चा एक प्रसंग सांगायला हवा कारण त्यातून माणूस कळतो. मिलानच्या चौदाव्या ट्रिएनालेची, म्हणजे डिझाइनच्या मोठ्या प्रदर्शनाची जबाबदारी त्याच्याकडं होती, विषय होता मोठी संख्या, म्हणजे सगळंच लाखांच्या हिशोबात होणाऱ्या समाजात माणसाचं काय. त्यात तरुणांच्या बंडावर एक दालन होतं, पॅरिसच्या रस्त्यावरचे अडथळे उभे केलेले. ३० मे ला उद्घाटनाच्याच दिवशी विद्यार्थी आणि कलाकार आत घुसले आणि त्यांनी प्रदर्शन ताब्यात घेतलं. दे कार्लो घोळक्यात उभा राहून त्यांच्याशी वाद घालत होता, त्याचे फोटो आहेत. पोलिसांच्या मागं जाऊन उभा राहिला नाही. ज्यांच्या बाजूनं आपण बोलतो त्यांनीच आपल्याला अडवलं तर काय करायचं याचं त्याचं उत्तर म्हणजे पुढच्याच वर्षीचं तेर्नी.

तेर्नीत नेमकं काय झालं. डोमेनिको दे मासी नावाचा समाजशास्त्रज्ञ बरोबर होता. मीटिंगांबरोबर एक प्रदर्शन लावलं, ठिकठिकाणची घरं, वसाहती, त्यांचे प्रकार लोकांना बघायला मिळावेत म्हणून. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण 'लोकांना विचारलं तर ते तेच मागतात जे शेजारच्याकडं आहे' ही जी नेहमीची तक्रार असते ना, तिचं उत्तर इथं आहे. माणसानं जे पाहिलंय तेच तो मागणार, त्यात त्याचा काय दोष, मग आधी दाखवा ना. दहा तऱ्हा दाखवा, प्रत्येकीत काय मिळतं काय जातं ते सांगा, आणि मग विचारा. आणि लगेच उत्तर मागू नका, घरी जाऊन बायकापोरांशी बोलू द्या.

यातून निघालं ते बघा. मूळ प्लॅन ८४० घरांचा, पहिल्या टप्प्यात २५० झाली, १९७५ च्या सुमारास पूर्ण. घरांचे मूळ पंधरा प्रकार आणि प्रत्येकाचे तीन उपप्रकार, म्हणजे पंचेचाळीस तऱ्हेची घरं, २५० घरांच्या वसाहतीत! जुन्या घरांच्या बागा लोकांना सोडायच्या नव्हत्या, तर वरच्या मजल्यांवरसुद्धा गच्चीच्या बागा आल्या, काँक्रीटच्या इमारती पायऱ्या-पायऱ्यांनी मागं सरकत जातात आणि त्या मागं सरकलेल्या जागेत झाडं. गाड्या खाली, चालायचे रस्ते वेगळे, काही ठिकाणी वरून पुलासारखे. तीनचार मजल्यांच्या वर काही नाही. फोटोत काँक्रीट रांगडं दिसतं हे खरं, पण कुंड्या आणि वेलींनी ते झाकत गेलंय, आणि आर्किटेक्टला तेच हवं होतं.

आता यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, ८४० पैकी २५० च झाली, पुढचे टप्पे झालेच नाहीत, मग हे यश कसलं. दे कार्लोच्या रिमिनी शहराच्या आराखड्याचंही तसंच, सत्तरच्या सुरुवातीला नागरिकांच्या सभा घेऊन केलेला तो आराखडा अमलात आलाच नाही. माझं म्हणणं असं की पुढचं काम थांबलं म्हणून झालेलं काम खोटं ठरत नाही. त्याच काळात युरोपात न विचारता हजारोंनी फ्लॅटचे जे ठोकळे उभे राहिले त्यातले कितीतरी पुढं पाडावे लागले. तो खर्च कुणी पकडत नाही, मीटिंगांचा खर्च मात्र लगेच डोळ्यात येतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दे कार्लोचं सगळ्यात सुंदर काम तेर्नीत नाहीच, ते मध्य इटलीतल्या उर्बिनो या जुन्या छोट्या गावात आहे, आणि उर्बिनोत लोकांच्या मतदानानं काही झालेलं नाही. तिथल्या विद्यापीठाचा रेक्टर कार्लो बो, हा माणूस १९४७ पासून २००१ मध्ये मरेपर्यंत रेक्टर होता, आणि त्यानं पन्नासच्या दशकापासून दे कार्लोला धरून ठेवलं. एक आश्रयदाता, एक आर्किटेक्ट, चाळीस-पन्नास वर्षं. मग सहभागाचं कौतुक कशाला, चांगला राजा आणि चांगला कारागीर पुरेसा आहे असं कुणी म्हणेल.

उर्बिनोतलं काम खरंच बघावं असं आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर विद्यार्थ्यांची वसतिगृहं, पहिलं १९६२ ते ६६ मधलं, खोल्या उताराच्या वळणांबरोबर खाली उतरत जातात, वर सगळ्यांची एकत्र बसायची इमारत. गावात शिक्षणशास्त्र विभागाची इमारत, जुन्या ख्रिस्ती मठाच्या भिंतींच्या आत, रस्त्यावरून फक्त विटांची जुनी भिंत दिसते आणि आत गेलं की काचेच्या छपराखाली अर्धगोल उतरत जाणारी मोठी सभागृहं. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, ती नवी बांधलेलीच नाही. पंधराव्या शतकात फ्रांचेस्को दि जॉर्जो मार्तिनीनं ड्यूकच्या घोड्यांसाठी खालच्या बाजारापासून वर राजवाड्याकडं जाणारा गोल गोल चढत जाणारा दगडी रस्ता बांधला होता, तो पुढं राडारोड्यानं भरून थिएटरखाली गाडला गेला. दे कार्लोनं सत्तरच्या दशकात तो शोधून मोकळा केला. आज गाडी खाली मेर्कातालेला, म्हणजे त्या बाजाराच्या जागेत लावायची आणि घोडे जायचे त्याच वाटेनं चालत गावात यायचं. पार्किंगचा प्रश्न पण सुटला आणि जुन्या गावाची वेसही परत जागी झाली.

पण हे कसं जमलं? १९५८ ते ६४ तो उर्बिनोचा आराखडा करत होता, गल्ली गल्ली, घर घर बघत, कोण कुठं राहतं, कुठलं घर कशानं पडायला आलंय, शेतकरी शेती सोडून का चाललेत, विद्यार्थी आले तर गावाचं काय होईल. तो याला शहर वाचणं म्हणायचा. आणि काम करून निघून गेला नाही, पुन्हा पुन्हा तिथंच येत राहिला, १९७६ मध्ये आयलॉड ही आंतरराष्ट्रीय कार्यशाळा सुरू केली ती पण उर्बिनोतच. म्हणजे राहणाऱ्याला ओळखून घ्यायचं काम इथंही झालं, वेगळ्या रस्त्यानं आणि पन्नास वर्षं घेऊन. कार्लो बो प्रत्येक गावाला मिळत नाही. पन्नास वर्षं तर कुठल्याच सरकारी योजनेकडं नसतात. म्हणून ज्यांच्याकडं रेक्टर बो नाही त्यांना नियम लागतात, तेर्नीसारख्या लिहून घेतलेल्या अटी लागतात. मी उर्बिनोचा दाखला तेर्नीच्या विरुद्ध वापरायला तयार नाही तो याच कारणानं.

लोकांना विचारलं की आर्किटेक्ट नुसता कारकून होतो, ही पण एक भीती ऐकू येते. तेर्नीत उलट झालंय. पंचेचाळीस तऱ्हेची घरं एकाच स्ट्रक्चरमध्ये, एकाच बजेटमध्ये, सरकारी घरांच्या नियमात बसवणं हे एका फ्लोअर प्लॅनची शंभर वेळा कॉपी करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. विचारल्यानं त्याचं काम वाढलं आणि कस पण वाढला. १९९३ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेनं त्याला रॉयल गोल्ड मेडल दिलं, म्हणजे धंद्यातल्या लोकांनाही शेवटी ते मान्य झालंच. २००५ मध्ये मिलानला तो गेला.

आपल्याकडं रीडेव्हलपमेंटमधून गेलेल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, विचारणं म्हणजे काय असतं. संमतीपत्रावर सही. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग मिळणार का, हे सगळं जीव तोडून विचारलं जातं आणि विचारायलाच हवं, त्यात हक्काचे पैसे आहेत. पण जिना कुठं, मजल्यावर किती घरं, दार उघडल्यावर समोर कोण दिसणार, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी कुठं बसायचं, हे बिल्डरचा आर्किटेक्ट ठरवून आणतो आणि बहुतेकदा बिल्डरच्या समोरच ते दाखवलं जातं. संमतीची टक्केवारी कायद्यात आहे. गॅलरी गेली याची नोंद कुठल्या कलमात होत नाही. असं नाही की आपल्याकडं वेगळा विचारच झाला नाही, चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज केलं तिथं घरांच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत, ज्याला जसं जमेल तसं त्यानं घर वाढवावं म्हणून, आणि लोकांनी ते वाढवलंही. तिथं लोकांचा हात घर बांधून झाल्यावर लागला, तेर्नीत बांधायच्या आधी लागला. मला दोन्ही हवंय.

मागणी काही आभाळाला हात लावणारी नाहीये. सार्वजनिक घरबांधणीच्या टेंडरमध्येच रहिवाशांच्या मीटिंगांचा खर्च वेगळा धरा, आणि त्यात बसणाऱ्यांची बुडालेली मजुरीही धरा, कारण रोजंदारीवरची बाई एक दिवस बुडवून तुमच्या मीटिंगला येणार नाही आणि स्वयंपाकघर कसं हवं ते तिलाच सगळ्यात जास्त माहिती आहे. पहिल्या मीटिंगा नकाशा काढायच्या आधी घ्या आणि डेव्हलपरला, अधिकाऱ्याला बाहेर ठेवा. दुसऱ्या वसाहती दाखवायला न्या. एकाच्या जागी चार प्लॅन ठेवा. आणि लोक राहायला गेल्यावर दोन वर्षांनी आर्किटेक्टनं तिथं जायचं आणि काय दिसलं ते लिहून सगळ्यांना द्यायचं, त्याची फी आधीच करारात घाला म्हणजे जाणं टळणार नाही. एवढं सगळ्या शहरावर एकदम लादायची गरज नाही, म्हाडाच्या एखाद्या दोन-अडीचशे घरांच्या लेआउटवर करून बघता येईल, तेर्नीत पहिल्या टप्प्यात घरं तेवढीच होती.